बाबांची टिक

भिंगरीच्या बाबांना बोलता येत नव्हतं, पण घरात सगळ्यात जास्त बोलायचे तेच. म्हणजे कसं, ऐका ना. बाबा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. एक घंटी मारली की थांबा, दोन मारल्या की चला, अख्खी नोकरी त्यावर काढली. मग अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली, मान तर अशी लटलट हलायची की माणूस हो म्हणतोय की नाही म्हणतोय, कुणाच्या बापाला कळू नये. राहिला काय तो उजवा हात, तोही थरथरता. त्या हाताच्या तळव्यावर एक जुना फोन इलॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवलेला, कारण भिंगरी ऑफिसातून व्हिडिओ कॉल करायची आणि तिला बाबांचं तोंड बघितल्याशिवाय जेवण जायचं नाही.

त्या फोनच्या कडेला चालू-बंद करायचं बटण होतं. दाबलं की टिक! एवढी खणखणीत, की कुकर शिट्ट्या मारत असला तरी ओट्यापाशी ऐकू यायची.

तर एक दिवस आईने आपली सवयीने हाक मारली, "चहा टाकतेय हो, घेणार ना?" आणि आतल्या खोलीतून आलं, टिक टिक.

आई भांडं हातात घेऊन तशीच उभी. पुन्हा विचारलं, "साखर घालू?"

टिक टिक.

"डॉक्टर नको म्हणालेत ना पण?"

टिक टिक टिक टिक टिक.

"अगं बाई, बस सुसाटच निघाली की!" आई म्हणाली, आणि हसता हसता ओट्याला टेकून रडायलाच लागली.

त्या दिवसापासून घर टिकवर चालायला लागलं. एक म्हणजे नको, दोन म्हणजे हो. दादा, म्हणजे भिंगरीचा मोठा भाऊ, तो वेगळा राहायचा, पण दर रविवारी यायचा आणि मॅच लावून बसायचा. "काय बाबा, आज आपण जिंकणार ना?" टिक. "घ्या! घरातच फितुरी!" असं सगळं छान चाललं होतं.

छान म्हणजे आईची कंबर सोडून. बाबांना कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, बाथरूमला न्यायचं, सगळं आईच करायची, कारण भिंगरी दिवसभर कामावर. एकदा तर त्यांना उठवताना दोघंही खाली बसली आणि शेजारी येईपर्यंत तशीच बसून राहिली. हे दादाला कळलं आणि त्याने एक सेवाघर बघून ठेवलं. स्वच्छ होतं, नर्स होत्या, व्यायाम घ्यायला माणूस होता.

भिंगरी भडकलीच. "तू रविवारचा पाहुणा! तुला काय जातंय बोलायला!"

"बरं, मी पाहुणा. आणि तू? तू सकाळी जातेस ती दिवे लागल्यावर येतेस. मग करतं कोण, सांग ना?"

 भिंगरीने आईकडे बघितलं. आई कंबरेचा पट्टा आवळत होती, तिने वरच बघितलं नाही.

शेवटी ठरलं की बाबांनाच विचारायचं. रविवारी सेवाघराच्या मॅडम येतील, सगळं नीट समजावून सांगतील आणि मग बाबा जे वाजवतील ते. "एक वाजली तर मी पुन्हा विषय काढणार नाही," दादा म्हणाला, "शब्द देतो." भिंगरीच्या जिवात जीव आला. तिला खात्रीच होती की एकच वाजणार. बाबा आणि हे घर सोडून जाणार? शक्यच नाही!

आणि नेमकी त्याच आठवड्यात फोनची बॅटरी फुगली. म्हणजे पाठ चक्क उचकटून वर आली. हाताला बांधलेला फोन, आणि पेटला तर? भिंगरी तशीच धावत दुकानात.

दुकानदार तरुण पोरगा होता, तोंडाचा पट्टा चालू. "ताई, हा घ्या. एकदम नवीन. याला बटण नाहीच."

"म्हणजे? बटणाशिवाय नाही चालायचं हं मला!"

"अहो, आहे, पण हलत नाही. नुसती कड आहे. जोर दिला की तिला कळतं आणि आतली मोटर बोटाला टिक देते. झिजायचं नाही, पाणी शिरायचं नाही, जन्मभर बघायला नको. दाबून तर बघा!"

तिने दाबलं. टिक! काय सांगू, हुबेहूब. बोटाला अगदी वाटलं की काहीतरी आत गेलं आणि परत वर आलं. दुकानात गाणी ठणाणा वाजत होती, रस्त्यावर हॉर्न, आणि तरी तिला शपथेवर वाटलं की आपण टिक ऐकली. घेतला. जुना फोन बदल्यात दिला. फुगलेली बॅटरी बघून दुकानदाराने तो लगेच पत्र्याच्या डब्यात टाकला, आणि तासाभरात तो डबा भंगाराच्या गाडीतून गेलासुद्धा.

घरी येऊन तिने फोन बाबांच्या तळव्यावर बांधला, अंगठा बरोबर त्या कडेवर ठेवला. "बाबा, आवडला?"

बाबांनी अंगठा दाबला. चेहरा खुलला. आणि ते तिच्याकडे बघत बसले.

भिंगरी वाट बघत बसली. बाबाही वाट बघत बसले.

"बाबा? आवडला का?"

पुन्हा दाबला. आवाज नाही. तिकडून आई ओरडली, "अगं, चहा घेणार का विचार ना!" बाबांनी दाबला. काहीच नाही. मग ते घशातून गुरगुरले, चिडून, की दोन-दोनदा सांगतोय, बहिऱ्या झालात का सगळ्या? आणि तेव्हा भिंगरीच्या लक्षात आलं. टिक लागत होती ती फक्त बाबांच्या अंगठ्याला. त्यांच्या हिशोबाने ते बोलत होते. बाहेर कुणालाच काही जात नव्हतं!

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, दुसरं काहीतरी द्यायचं. अरे, दिलं ना! घंटी दिली, तर हात थरथरल्यावर ती आपोआपच वाजत राहायची, देवळासारखी. टिकटिक करणारं पेन दिलं, ते बोटांतून घरंगळून कॉटखाली. खेळण्यातला पत्र्याचा बेडूक दिला, तो दाबायला अंगठ्यात जोर नव्हता. डोळे मिटायला सांगितलं, तर पापण्या आपल्या मनानेच फडफडायच्या. दुकानदाराकडे गेली, त्या पोराने बिचाऱ्याने कुठून तरी तसलाच जुना फोन शोधून दिला, पण त्याचं बटण भिजलेल्या बिस्किटासारखं मऊ. सेटिंगमध्ये शिरली. टिक हलकी, मध्यम, जोराची करता येत होती, पण सगळी आत, आवाज कुठेच नाही. कंपनीला फोन लावला, तिथली बाई इतकी गोड बोलली की हिने रागवायचं विसरून आभारच मानले. म्हणाली, "आपली सूचना पुढे पाठवते हं."

"हात लावून बघ ना," आई शेवटी म्हणाली. "त्यांच्या बोटाला लागते तर तुझ्याही लागेल."

खरंच की! भिंगरीने कपाळावर हात मारला आणि तळवा फोनच्या पाठीवर टेकवला. "बाबा, मी भिंगरी ना?"

तळव्याखाली नुसतं कुर्र कुर्र कुर्र कुर्र कुर्र.

जुनं बटण कसं, चांगलं दाबल्याशिवाय बोलायचं नाही. थरथर त्याच्या खिजगणतीतही नव्हती. ही कड शहाणी होती. हात जरा थरथरला की हिने टिक दिलीच. स्क्रीन पण नुसती पेटत होती, विझत होती. जास्त जोर लागेल असं सेटिंग केलं तर बाबांचं खरं दाबणंही तिला कळेना. भिंगरीने हात टेकले.

रविवार आला. "आज नको ना विचारूया," भिंगरी दादाला म्हणाली, "मी काहीतरी करते, थोडा वेळ दे."

"किती वेळ? जागा एकच आहे गं तिकडे, आज नाही घेतली तर गेली. तू काय, नवीन बटण शोधून काढणार आहेस?"

मॅडम आल्या. चांगल्या होत्या हो, त्यांना नावं ठेवायला काही जागा नव्हती. स्टूल ओढून बाबांच्या डोळ्यांसमोर बसल्या, खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, घरच्यांना कधीही येता येईल, सगळं हळूहळू सांगितलं. मग विचारलं, "यायचं का आजोबा?"

बाबांचा अंगठा हलला. सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते.

"काय म्हणाले?" दादाने विचारलं.

भिंगरीने झटकन तळवा लावला. कुर्र कुर्र, कुर्र, कुर्र कुर्र कुर्र. तिने डोळे मिटले, श्वास धरला. मध्ये एक जरा जड लागली का? की दोन? की तो तिच्याच हाताचा ठोका होता? बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी सांगितलं होतं. त्यांचं सांगून झालं होतं.

"भिंगरे, बोल ना!"

"मला... मला नाही कळत रे."

मग आई उठली. कंबरेवर हात ठेवून, टेबल धरत, हळूहळू कॉटपाशी आली. भिंगरीचा हात बाजूला केला आणि आपला ठेवला. जराच वेळ. मग हात काढून पदरात घेतला.

"दोन," आई म्हणाली.

 बाबांच्या घशातून आवाज आला, पण तो आवाज चहाला पण तसाच यायचा, रागाला पण तसाच. भिंगरीने आईकडे बघितलं. आई बाबांच्या अंगावरची चादर सारखी करत होती, मुळात ती सारखीच होती. भिंगरीच्या अगदी जिभेवर आलं होतं, आई, दोन नव्हत्या गं. पण मग किती होत्या? असं दादाने विचारलं असतं तर तिच्याकडे काय होतं? आणि बाबांना उद्या सकाळी कोण उठवणार होतं, ते तरी तिला कुठे सांगता येत होतं!

"बरं मग," मॅडम म्हणाल्या, "कपडे कुठे असतात आजोबांचे?"

दादाला ठाऊक नव्हतं. आई हलली नाही. मग भिंगरीनेच कपाट उघडलं, पुढे बटणं असलेले, डोक्यातून न घालावे लागणारे, सैल तेवढेच सदरे काढले, कारण डावा हात आधी घालावा लागतो हे तिथल्या लोकांना कोण सांगणार?

"फोन राहू दे हं त्यांच्या हातात," मॅडम म्हणाल्या, "धरायला बरं वाटतं अशा पेशंटना. चार्जर तेवढा द्या."

भिंगरीने चार्जर काढला, वायर नीट गुंडाळली आणि सदऱ्यांच्या घडीत ठेवली.