धान्य भरू नका

आराधना गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, जमिनीवर पसरलेल्या ज्वारीकडे बघत होती. आणि राखणदार सहादेव दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होता.

"ताई, काय सांडलं का तुमचं?"

"नाही हो. आकार बघतेय."

"बगा. पन शिंकू नका. काल एक जन शिंकला, तर चित्रकारसायबांना परत नगरवरनं यावं लागलं."

श्रीगोंद्याच्या त्या जुन्या गुळाच्या गोदामाला पांढरा रंग मारून आत आधुनिक कलेचं प्रदर्शन भरवलं होतं. भिंतींवर गोणपाटं आणि गंजलेले कोयते टांगलेले, आणि मधोमध तीन पोती ज्वारी ओतून केलेली नदी. आईची बोलणी खाऊन, रविवारची उपासना बुडवून आराधना नगरहून एसटीने इथे आली होती, ती एका फॉन्टसाठी. पुण्याच्या एका कंपनीकरता ती आठ महिने देवनागरी अक्षरं घडवत होती. कंपनीने ती अक्षरं दोनदा परत पाठवली होती.

"चूक एकही नाही," कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले होते, "पण मॅडम, वाचताना कुणी बोलतंय असं वाटतच नाही. जरा बाहेर पडा. काहीतरी बघा."

तिसरी आणि शेवटची खेप उद्या पाठवायची होती. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार.

तासाभरात तिने वहीत नदीची वळणं उतरवली, कोयत्यांचे बाक उतरवले. त्यांतून एक 'क' काढला, एक 'ळ' काढला. दोन्ही देखणे, दोन्ही मुके.

तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. कर्जतकडचा एक बचत गट देवदर्शनाहून परतत होता. प्रदर्शन फुकट आहे आणि आत सावली आहे, एवढं कळताच पंधरा बायका आत शिरल्या. पुढे होती केशरबाई. तिने जमिनीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं बया! एवढं धान्य पायदळी!"

दुसऱ्या क्षणी पंधराच्या पंधरा बायका खाली बसल्या होत्या आणि ज्वारी पदरात भरली जात होती.

सहादेव धावला. "मावशी, ते चित्र हाय!"

"चित्र भिंतीवर असतंय, बाबा. ही मालदांडी ज्वारी हाय."

तो एका टोकाला अडवायला जाई तोवर दुसऱ्या टोकाने नदी आटत होती. अखेर तो घामाघूम होऊन आराधनाकडे आला.

"ताई, पाटी लिवा! माझं कुनी ऐकना. लिवलेलं ऐकत्यात लोक."

तिने कोपऱ्यातल्या खोक्याचं झाकण फाडलं. पिशवीतून जाड मार्कर काढला, पट्टी काढली. डावीकडे दोन बोटं समास सोडला आणि पेन्सिलीने पहिली फिकट रेघ आखायला घेतली.

"ताई, लगीनपत्रिका न्हाई छापायची! नदी चालली!"

पट्टी खाली पडली. आराधनाने मार्कर मुठीत धरला आणि एका दमात लिहिलं: 'थांबा! धान्य भरू नका. हे चित्र आहे.' शिरोरेषा चढण चढत गेली, 'भ' पोट पुढे काढून उभा राहिला, आणि जागा संपल्यामुळे 'आहे' कोपऱ्यात खाली उतरलं. तिने पाटी डोक्यावर धरली.

केशरबाईने मान वर केली. ओठ हलवत सावकाश वाचलं.

"बरं बरं. वरडू नको," ती म्हणाली. आराधनाला नव्हे, पाटीला. मग वळून, "वता गं माघारी."

बायकांनी ज्वारी परत ओतली, पण जी जिथे होती तिथेच. टेम्पो निघून गेला तेव्हा नदीला सात नवे फाटे फुटले होते. सहादेव कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"असू द्या. सायबांना सांगू, पूर आला."

आराधनाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने पाटी स्वतःकडे वळवली होती आणि ती बघतच राहिली होती.

"दादा, ही मी घेऊन जाते."

"न्हाई. अजून चार दिस प्रदर्शन हाय. परत कोन आलं म्हंजी?"

"मग फोटो काढते."

"हितल्या वस्तूचा फोटू काढायचा न्हाई. नियम हाय."

"अहो, मीच लिहिलीय ती!"

"चित्रकारसायब बी असंच म्हनले हुते. त्यांनाबी न्हाई काढू दिला."

त्याने पाटीला भोकं पाडून सुतळी ओवली आणि ती दोन गोणपाटांच्या मधे टांगली. आराधना तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. वही उघडली आणि मान वर-खाली करत स्वतःचीच अक्षरं उतरवू लागली. चढती शिरोरेषा. पोट काढलेला 'भ'. पुन्हा एकदा 'भ'.

सहादेव मागे येऊन उभा राहिला. त्याने पाटी पाहिली, वही पाहिली, परत पाटी पाहिली.

"न्हाई जमला," तो म्हणाला. "बगून काडल्यावानी दिसतुया."

आराधनाने पेन्सिल खाली ठेवली. मग तिने पान उलटलं, पाटीकडे पाठ केली आणि मार्करचं टोपण काढलं.