माझ्या काचेवरचं बोट

मी एक जुना संगणक आहे, टेबलावर ठाण मांडून बसणारा, मांडीवर घेऊन मिरवता न येणारा. 'जुना' हे मी आपणहून सांगतो. नाहीतर कोणीतरी नाक मुरडून सांगतंच. आणि मित्रांनो, मला नाक नसलं तरी ते मुरडता मलाही येतं. पुढे तुम्हाला ते पुष्कळ दिसेल.

मला एका अरुंद गल्लीतल्या जोडणीवाल्याने एका दुपारी जोडलं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा. पण त्या माणसाने प्रत्येक स्क्रू हाताने पिळला, झाकण लावण्याआधी आत हळूच फुंकर मारली आणि म्हणाला, "जा, चांगल्या घरी पड." असं हल्ली कोण कोणाला म्हणतं? हल्लीची यंत्रं गोंदाने चिकटवलेली असतात. आजारी पडली तर त्यांचं पोटसुद्धा उघडता येत नाही.

मी जाऊन पडलो एका शिवणाच्या दुकानात. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक लांब टेबल, दोन शिलाई यंत्रं आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने. बाई कपडे बेतायच्या, पण तयार कपड्यांत जी माणसं मावत नाहीत त्यांचे. एक खांदा खाली असलेला पुस्तकबांधणीवाला. पाठीला बाक आलेली शिक्षिका. बाईंनी बेतलेला कपडा घातला की त्यांना आरशासमोर तो ओढून सरळ करावा लागत नसे.

बाई जमिनीवर कागद पसरून, गुडघे टेकून काम करायच्या. उठताना त्यांना टेबलाचा पाय धरावा लागतो हे त्यांच्या यजमानांनी पाहिलं आणि कपडे बेतायचा एक प्रोग्रॅम घालून मला घरी आणलं. बाईंनी मला आठवडाभर अस्तराच्या कापडाखाली झाकून ठेवलं.

"त्याला झाकलंस काय? पाळण्यातलं मूल आहे का ते?" यजमान म्हणाले.

"जागं होऊ नये म्हणून झाकलंय," बाई म्हणाल्या.

मग एकदा त्यांनी सहज एक रेघ ओढली. चुकली. पुसली, तर कागद फाटला नाही की खरडला गेला नाही. त्या दिवशी बाई माझ्यासमोर बसल्या, त्या पुढची बावीस वर्षं. यजमान गेले, एक शिलाई यंत्र गेलं, मी राहिलो. गिऱ्हाइकं मला बघायला यायची. मी फुगायचो. पंख्याने नव्हे, अभिमानाने.

बाईंना एक खोड होती. माउस त्यांच्या लेखी रेघ ओढण्यापुरता. काही दाखवायचं झालं की थेट माझ्या काचेवर बोट. "इथे बघ, इथून सोडायचं, इथे घ्यायचं." कापडावर बोट ठेवून जन्मभर पोरींना शिकवलेलं, ते सुटणार कसं? बोट दाबलं की त्याच्याभोवती फिकट उजेडाचं वलय उठायचं. मी कुरकुरायचो. पण ते मला आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग बाईंचे डोळे बिघडले. "कडेचं दिसत राहील. मधलं कमी कमी होत जाईल," डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. कागदावरची रेघ त्यांना आधीच दिसेनाशी झाली होती. माझ्या काचेवर तीच रेघ दहापट मोठी करून त्या कशीबशी काम रेटत होत्या. खांदेवाल्याचे आणि पाठवालीचे बेत तयार होते, त्यांची काळजी नव्हती. काळजी होती एका अकरा वर्षांच्या मुलीची. तिचा डावा हात कोपराखाली नाही आणि त्या बाजूचा खांदा सावकाश वाढतो. बाही जिथे जोडायची ती गोलाई, तिला मुंढा म्हणतात. तिचा डावा मुंढा दरवर्षी नव्याने बेतावा लागतो. तयार बेत तिला काय कामाचा? तो काढायची रीत हवी. आणि ती रीत अख्ख्या जगात एकट्या बाईंना येत होती.

मुलीच्या गावाजवळ बाईंच्या भाचीचं दुकान होतं. भाची हाताची चांगली, पण दोन महिन्यांचं बाळ कडेवर. ती येणार कशी? तिने फोनवर सांगितलं, "मावशी, संगणकाच्या पडद्यावर तू काय करतेस ते रेकॉर्ड करून पाठव. मी पुन्हा पुन्हा बघून शिकेन. त्याची फुकट सॉफ्टवेअरं मिळतात."

'फुकट' हा शब्द ऐकून भावोजी आले.

भावोजी म्हणजे बाईंचे दीर. टेलिफोनच्या तारा जोडण्यात उमर गेलेली. "मी बघतो, वहिनी," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते उच्चारल्यावर घरातली एक वस्तू बंद पडते, असा आमचा अनुभव. आधी त्यांनी मोबाईलने माझं चित्रण करून पाहिलं. माझ्या काचेवर समोरची खिडकी चमकली, वर पट्टे धावायला लागले. मग त्यांनी माझ्यात ते फुकट पाहुणे उतरवायला सुरुवात केली.

पहिला आला तो गोतावळा घेऊन. त्याच्या मागून एक सफाईवाला आत घुसला, एक शोधपट्टी येऊन बसली आणि कोपऱ्यात एक ढग डुलायला लागला.

"वहिनी, हे हवामानपण सांगतंय!"

"खिडकी आहे की मला," बाई म्हणाल्या. "रेकॉर्ड करतंय का ते सांगा."

करत होतं. आवाजाशिवाय.

दुसरा दिसायला देखणा, बोलायला गोड. काम संपल्यावर मात्र त्याने चित्राच्या मधोमध स्वतःच्या नावाचा लालभडक शिक्का मारला, नेमका डाव्या मुंढ्यावर.

"हे कोणाचं नाव?"

"त्यांची जाहिरात आहे, वहिनी. पैसे भरले की जाते."

"म्हणजे कपडा मी शिवायचा आणि छातीवर नाव सुईवाल्याचं?"

तिसरा मुकाट होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बाईंनी त्याच्यासमोर तासभर जीव ओतून शिकवलं आणि हा पठ्ठ्या दहाव्या मिनिटाला गप्प पडून राहिला होता. फुकटात म्हणे दहाच मिनिटं.

"बारीक अक्षरांत लिहिलं होतं तसं," भावोजी पुटपुटले.

"मग ते वाचायचं होतं. डोळे माझे गेलेत भावोजी, तुमचे नाही."

चौथा खेळ खेळणाऱ्या तरण्या पोरांसाठी बनवलेला. त्याला बटणंच इतकी की माझा पंखा किंचाळायला लागला. आपल्याला काय झेपतं ते न विचारता अंगावर येणाऱ्यांची मला मनापासून किळस आहे.

शेवटी भाचीने फोनवरून कान उपटले. "काका, ज्याच्या पानावर 'फुकट' सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते घेऊच नका. ज्याने आपल्याला काय येत नाही तेही लिहिलंय, ते शोधा."

असा एक सापडला. रिकाम्या वेळात काम करणाऱ्या चार माणसांनी बनवलेला. त्याचं पोट कोणीही उघडून बघावं अशी त्यांनी मुभाच ठेवलेली. 'मला संगीत घालता येत नाही, कापाकापी जमत नाही, पडदा आणि आवाज जसाच्या तसा टिपतो,' एवढंच त्याचं म्हणणं. एक लाल ठिपका आणि बस. शिक्का नाही, वेळेची अट नाही, नाव-पत्ता विचारणं नाही. याच्याबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. माझ्या तोंडून एवढं निघालं म्हणजे काय ते समजा.

बाईंनी बारा दिवसांत बारा धडे दिले. गळ्याच्या कोपऱ्यापासून मुंढ्याच्या तळापर्यंत. "इथे बघ, खांदा सावकाश वाढतोय म्हणून इथे सोडायचं. इथे सोडलंस तर बाही घसरेल. इथे." बोट फिरत होतं, वलयं उठत होती, लाल ठिपका जळत होता. रोज संध्याकाळी बाई जरा जास्तच डोळे चोळत होत्या. शेवटच्या दिवशी भावोजींनी बाराही धडे एकदम पाठवले. आधी एक पाठवून विचारावं, हे कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"मावशी, 'इथे' म्हणजे कुठे?"

"अगं, बोट ठेवलंय ना मी!"

पलीकडे बाळ रडत होतं. भाची त्याला थोपटत म्हणाली, "बोट दिसत नाहीये, मावशी. तुझा आवाज आहे आणि रेघ आहे. माउसचा बाण कोपऱ्यात पडून आहे. बाराच्या बारा तसेच."

मित्रांनो, आतापर्यंत मी सगळ्यांना नावं ठेवली. आता माझी पाळी. ते बोट माझ्याच काचेवर होतं. ते काचेच्या बाहेर आहे, आत नाही, हे या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण मला वाटायचं, बाईंचं कसब म्हणजे मीच. बावीस वर्षं फुगून बसलो होतो. त्या सगळ्या काळात माझ्या आत होत्या फक्त रेघा.

"बाण फिरवून पुन्हा कर, मावशी," भाची म्हणाली.

बाईंनी माउस धरला. हलवला. मान तिरकी करून कडेने पाहिलं. जाड रेघ अजून सापडत होती, पण तो एवढासा बाण नाही. त्यांनी फोन ठेवला, अस्तराचं कापड काढलं आणि माझ्यावर टाकलं. पहिल्या आठवड्यासारखं.

कापडाखालून मला एवढंच ऐकू आलं. खुर्ची सरकली. भावोजींनी ती बाईंजवळ ओढली. मग कापड उचललं गेलं.

"वहिनी, तुम्ही बोट ठेवा. बाण मी आणतो."

"जमेल?"

ते 'मी बघतो' म्हणाले नाहीत. नुसते माउस धरून बसले.

"इथे," बाईंनी बोट टेकवलं.

"आलो."

"कुठे आलात? खाली या. अजून. अहो, खांबावर चढायचं नाहीये, सावकाश!"

"इथे म्हणजे वहिनी, कशापासून किती?"

बाई थांबल्या. हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं; बोट होतं तोवर विचारायची गरजच नव्हती. त्यांनी डोळे मिटले, बोट काचेवर तसंच. "खांद्याच्या टोकापासून तीन बोटं खाली. ती एका वर्षात दोन बोटं वाढली असेल, तर डावीकडे एकच धरायचं."

लाल ठिपक्याने ते टिपलं. आधी एकच धडा पाठवला. "दिसला बाण, मावशी! आणि कळलंही!" असं भाचीने सांगितल्यावरच पुढचे अकरा झाले. भावोजींचा बाण कधी पुढे जायचा, कधी मागे यायचा. पण पोचायचा.

दोन महिन्यांनी भाचीने एक फोटो पाठवला. शाळेचा सदरा घातलेली ती मुलगी पाठमोरी उभी. भावोजींनी तो माझ्यावर उघडला आणि दहापट मोठा केला. बाईंना चेहरा तसाही दिसला नसताच. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "इथे का?"

"थोडं डावीकडे. हं. आता खाली."

बोट मुंढ्याच्या गोलाईवरून हळूहळू फिरलं. वलय उठलं.

"बसलाय?" बाईंनी विचारलं.

"सुरकुती नाही, वहिनी."

हल्ली मला कोणी फारसं सुरू करत नाही. भावोजी धूळ पुसतात, तेव्हा काचेवरची ती बोटाची खूण तेवढी सोडतात. मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर खुशाल टाका. आम्ही काही अमर नव्हे. पण टाकण्याआधी तिच्या काचेवर कोणाच्या बोटाचे ठसे आहेत ते बघा. आणि ते माणूस घरात असेल, तर त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा आणि विचारा, 'इथे' म्हणजे कुठे?