ढिम्म्या रोलर आणि बांधाचे फाटक

मित्रांनो, मी एक जुना वाफेचा रोलर आहे. रस्ता दाबणारा. माझे वजन अकरा टन आणि चाल माणसाच्या चालीपेक्षाही धिमी. गल्लीतल्या पोरांनी माझे नाव ठेवले होते ‘ढिम्म्या’. मला त्याचा कधी राग आला नाही. पळण्यासाठी मला कोणी घडवलेच नव्हते.

माझा जन्म याच शहरात, नदीकाठच्या लोखंड ओतणाऱ्या ओतशाळेत झाला. माझे पुढचे चाक पहिल्या खेपेला फसले. वरून ते गुळगुळीत दिसत होते, कोणाच्या लक्षातही आले नसते. पण साचे करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्यावर हातोडीने टकटक केले, कान लावला आणि म्हणाला, “आवाज बद्द येतोय. वितळवा आणि पुन्हा ओता.” सगळ्यांनी कपाळाला हात लावला, पण त्याच्यापुढे कोणाचे काही चालेना. त्या हट्टी माणसाला मी आजही मानतो.

तेव्हा शहरात झाडांपेक्षा धुरांडी जास्त होती. कारखाने दणदणीत आणि रस्ते मात्र चिखलाचे. सकाळच्या पाळीला निघालेल्या बायका चपला हातात घेऊन चालत आणि कारखान्याच्या दाराशी आल्यावर पाय धुवून त्या घालत. स्टेशनपासून कारखान्यांपर्यंतचा पहिला डांबरी रस्ता मी दाबला. त्या दिवशी फीत कापली गेली, भाषणे झाली, माझ्या धुरांड्याला कागदी फुले बांधली गेली. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. एक बाई चपला हातात घेऊन आली, रस्त्याच्या कडेला थबकली, खाली बघून स्वतःशीच हसली आणि चपला पायांत घालून ऐटीत चालू लागली. मित्रांनो, असे बक्षीस भाषणात मिळत नाही.

मला चालवणाऱ्याला सारे शहर सावकाशमामा म्हणे. पोरे माझ्या आसपास घुटमळली की तो ओरडे, “सावकाश रे, सावकाश!” म्हणून हे नाव. माझ्यापुढे वीस पावलांवर लाल झेंडा घेऊन एक माणूस चालला पाहिजे, असा तेव्हा नियम होता. एकदा आमचा झेंडेवाला आजारी पडला. मामाच्या बायकोने, आमच्या मामीने, चार दिवसांसाठी म्हणून झेंडा उचलला, तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. शेजारणींनी चिडवले तर ती म्हणे, “तुम्ही सगळ्या नवऱ्याच्या मागून चालता. मला पुढून चालायचा पगार मिळतो!” दुपारी दोघे माझ्या बॉयलरवर डबा गरम करत आणि माझ्याच सावलीत बसून जेवत. वादही तिथेच घालत.

पहिली बस माझ्या रस्त्यावरून गेली. विजेचे खांब उभे राहिले. दवाखाना झाला, शाळा झाली. प्रत्येकाच्या आधी तिथे मी जाऊन आलेलो होतो. मग डिझेलवर चालणारे नवे रोलर आले. सकाळी किल्ली फिरवली की तयार. मला मात्र वाफ धरायला दोन तास लागत. रस्ते खात्याचे साहेब मामाला म्हणाले, “महिनाअखेर याला बंद करू या. तुमचंही वय झालंय.”

त्या दिवशी मामाने माझे पितळी नळ जरा जास्तच वेळ पुसले.

त्याच महिन्यात नदी चढली. वरच्या डोंगरांत आठवडाभर पाऊस कोसळत होता. नदी आणि कामगारांची वस्ती यांच्यामध्ये मातीचा उंच बांध होता. घाटाकडे जाणारा रस्ता त्या बांधातूनच जाई आणि तिथे लाकडी फाटक होते. पूर आला की फाटक लावायचे, लोखंडी अडसर घालायचा, आणि पाणी पलीकडेच राहायचे. वर्षानुवर्षे ते टिकले होते. म्हणूनच त्या अडसराकडे कोणी पाहिले नव्हते.

सकाळचे दहा वाजले होते. आम्ही वस्तीतलीच एक गल्ली दाबत होतो. एवढ्यात पाणी पाहायला फाटकापर्यंत गेलेली मामी पळत आली. झेंडा तिने कुठेतरी टाकून दिला होता.

“अहो, अडसर वाकलाय! फाटक फुगल्यासारखं झालंय. पन्नास माणसं पाठ लावून उभी आहेत, पण पाय घसरतायत त्यांचे!”

मामाने माझ्या वाफेचा काटा पाहिला. वाफ भरपूर होती. त्याने मला फाटकाकडे वळवले. अंतर होते चारशे पावले. मित्रांनो, आयुष्यात त्या एकाच दिवशी मला माझ्या चालीची लाज वाटली. माझ्या दोन्ही बाजूंनी माणसे पळत होती. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या डोक्यावर गाठोडे. मामी पुढे होऊन ओरडत होती, “बाजूला व्हा! वाट द्या! ढिम्म्या येतोय!”

फाटकाशी साहेब चिखलात उभे होते. ते म्हणाले, “वेडे आहात का? फाटक गेलं तर इंजिनासकट वाहून जाल!”

मामा म्हणाला, “साहेब, फाटक गेलं तर वस्ती जाईल. माणसं रेटून रेटून दमतात. हा दमत नाही.”

मग साहेबांनी स्वतःच एक जाड तुळई उचलायला खांदा दिला. ती तुळई फाटकाला आडवी लावली आणि मामाने माझे पुढचे चाक हळूहळू तिला भिडवले. पलीकडची सगळी नदी मला अंगावर रेलल्यासारखी जाणवली. फाटक करकरले. माझी मागची चाके वीतभर मागे सरकली आणि मामीच्या तोंडून किंकाळी निघाली. मामाने वाफ वाढवली. लोकांनी चाकांमागे लाकडाचे ठोकळे ठोकले. मी थांबलो. आणि नदीही तिथेच थांबली.

फटींतून येणारे पाणी हळूहळू माझ्या भट्टीपर्यंत चढू लागले, तेव्हा मामाने विस्तव बाहेर ओढला. आता माझ्यात वाफ नव्हती, जोर नव्हता. होते ते फक्त वजन. तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तसाच उभा होतो. तोवर वस्ती रिकामी झाली आणि लोहारांनी नवा अडसर बसवला. पाणी उतरले तेव्हा एकही घर गेले नव्हते. सगळे घरी परतले. साहेब मामाला एवढेच म्हणाले, “महिनाअखेरचं मी बोललोच नव्हतो, असं समजा.”

त्यानंतर आम्ही तिघांनी आणखी नऊ वर्षे काम केले. मग मामा निवृत्त झाला आणि मी खात्याच्या आवारात, भिंतीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मामा दर रविवारी तेलाची बुधली घेऊन येई. पुढे मामी एकटीच आली. तिने माझे नळ पुसले, थोडा वेळ बसली आणि गेली. त्यानंतर कोणी आले नाही. कारखाने एकेक करून बंद पडले, धुरांडी पाडली गेली. माझ्या अंगावर गंज चढला, धुरांड्यात पाखरांनी संसार थाटले. एके दिवशी कोणीतरी माझ्यावर खडूने मोठी फुली मारली. म्हणजे भंगार.

भंगाराची गाडी यायच्या आधी तंत्रशाळेच्या एक बाई तिथे जुनी अवजारे शोधायला आल्या. सहज म्हणून त्यांनी माझ्या भट्टीचे दार उघडले, बॅटरी मारून आत पाहिले आणि म्हणाल्या, “अगं बाई! हा तर आतून ठणठणीत आहे.”

त्यांच्या मुलामुलींनी दोन वर्षे माझ्यावर कष्ट घेतले. गंज खरवडला, नळ्या बदलल्या, शंभर चुका केल्या आणि दुरुस्तही केल्या. बॉयलरची तपासणी झाली. आणि मागच्या महिन्यात माझ्यात पुन्हा वाफ धरली! कारखान्यांकडे जाणारे मालगाडीचे जुने रूळ उखडून तिथे चालण्यासाठी वाट केली आहे. तिचा शेवटचा तुकडा मी दाबला.

काम संपल्यावर बाईंनी एका मुलीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. “ओत आणि बघ. पाणी साचलं तर परत दाबायचं.” मुलीने मधोमध पाणी ओतले. सगळा वर्ग उकिडवा बसून पाहू लागला. मीही श्वास रोखून होतो. पाणी जरा थबकले, मग दोन धारा झाल्या आणि दोन्ही बाजूंच्या गटारांत निघून गेल्या. थेंबही राहिला नाही.

“झाला रस्ता,” ती मुलगी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या आसपासही असे कोणीतरी भिंतीच्या कडेला उभे असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूसही. त्याच्यावर फुली मारण्याआधी एकदा दार उघडून आत बघा. आणि जे अडसर रोज मुकाट्याने आपले काम करतात, त्यांच्याकडेही अधूनमधून लक्ष द्या, थोडे तेल घाला. एवढेच माझे मागणे आहे.

आता निघतो. वाफ धरली आहे, आणि शाळेमागची गल्ली अजून कच्ची आहे.