नदीच्या पायऱ्यांवरची साखळी

मित्रांनो, नदीत उतरताना तुमचा हात नकळत जिला धरतो, ती जुनी लोखंडी साखळी म्हणजे मी. माझे घर एका फार प्राचीन तीर्थनगरीत आहे. इथल्या पायऱ्या माझ्याहून शेकडो वर्षांनी थोरल्या आणि नदी तर सगळ्यांचीच आई. त्यांच्यापुढे मी कालचे पोर. तरी एक गोष्ट ताठ मानेने सांगते: आजवर मला धरून उतरलेला एकही माणूस वाहून गेलेला नाही.

मला इथल्याच एका लोहाराने घडवले. माझ्या कड्या बासष्ट. एकेक कडी भट्टीत लाल करून, ऐरणीवर ठोकून त्याने पुढच्या कडीत अडकवली. भाता त्याची मुलगी चालवायची. कडी निवली की ती हातोडीने हलकेच ठोकून कान लावायची.

"बाबा, ही बद्द वाजते," असे ती म्हणाली की कडी पुन्हा भट्टीत!

"ही पोरगी मला सुखाने दोन घास खाऊ द्यायची नाही," लोहार कुरकुरायचा, पण मनातून खूश असायचा.

मग माझे एक टोक वरच्या दगडी खांबाला बसले, दुसरे पाण्यातल्या. तेव्हापासून किती हात आले! शाईने माखलेले, भेगा पडलेले, थरथरणारे. एक आजीबाई तर दर खेपेला मलाच सांगायच्या, "धर गं बाई, गुडघ्यांत राम उरला नाही."

एका सकाळी एक वयस्कर जोडपे आले. आजोबा बसचालक होते. बत्तीस वर्षे त्यांनी हजारो यात्रेकरूंना या नगरीत आणून सोडले, पण स्वतः बस राखत वरच्या रस्त्यावरच थांबले. नदी त्यांनी पाहिली ती बसच्या काचेतून. निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदाच प्रवासी होऊन आले होते.

"अहो, उतरा की! मागे गाड्या खोळंबल्यात," आजी हसून म्हणाल्या.

"मला पोहता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"मला तरी कुठं येतं? साखळी धरा."

दोघे कमरेइतक्या पाण्यात पोचतात न पोचतात, तोच पाणी गढूळ झाले आणि बघता बघता चढू लागले. वरच्या अंगाला कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. नऊ जण मला धरून होते. त्यांतल्या एका तरुण बाईचा पाय शेवाळावरून सटकला आणि हात सुटला. आजोबांनी झटकन तिचे मनगट पकडले.

"कुणी हात सोडायचा नाही!" बसभर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज घुमला. "धक्काबुक्की नको! पुढचा वर सरकला की मगच मागच्यानं पाऊल उचलायचं. ताई, पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा!"

माझी कडी न् कडी ताणली गेली. खांबाच्या भोकातून दगडाचा चुरा गळू लागला. मित्रांनो, खरे सांगते, मी घाबरले होते. पण बासष्टांपैकी एकीनेही तोंड उघडले नाही. एकेक करत सगळे वर आले. आजोबा सर्वांत शेवटी.

पायरीवर बसून धापा टाकत त्यांनी विचारले, "काय गं, ही आंघोळ धरायची का?"

"छे! ही तुमची ड्यूटी झाली," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "आंघोळ उद्या."

दुसऱ्या दिवशी नदी निवळली. आजोबांनी डोळे मिटून डोके बुडवले, वर आले आणि लगेच दुसरी बुडी मारली. जाताना त्यांनी मला दोनदा थोपटले. त्या दिवशी मला आकाश ठेंगणे झाले.

पुढे शेजारी चकचकीत कठडा आला आणि माझे दिवस फिरले. माझ्यावर ओले कपडे वाळू लागले. कुणी नावा बांधल्या. तेलाचे बोट कुणी लावले नाही. शेवटी एक वेल्डर मला कापायलाच आला.

"गंजलीय. भंगार आहे नुसतं," तो म्हणाला.

पायऱ्या धुणाऱ्या मावशींनी झाडू खाली ठेवला. "रोज सकाळी या शेवाळावर मी हिच्या जिवावर उभी असते. तोडायच्या आधी एकदा लोंबकळून तर बघ!"

वेल्डरने दोन्ही पाय उचलून अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी हूं की चूं केले नाही. तो वरमला. मग त्याने कडी न् कडी तपासली. पाण्याच्या रेषेजवळची एकच झिजली होती. तेवढी बदलून, गंज खरवडून त्याने मला तेल दिले. बाकीच्या एकसष्ट जणी त्या कडीला अजून 'नवी सूनबाई' म्हणतात.

मित्रांनो, मला हार नकोत, नमस्कार नकोत. पावसाळ्याआधी थोडे तेल द्या आणि माझ्या गळ्यात नावा बांधू नका. तुमच्या घराच्या जिन्याला कठडा असेल, विहिरीला दोर असेल, त्यांचीही अधूनमधून चौकशी करा. आणि कधी या नगरीत आलात, तर पाण्यात पाय घालण्याआधी मला एक जोराचा हिसका देऊन बघा. मला राग यायचा नाही. मी टिकले, तर खुशाल उतरा.