दोनदा दाबायचं नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. दादा तर मला नावानं हाकच मारत नाही, ‘मिरचे’ म्हणतो. तेव्हा मंगळवारी फोनवर मी त्याच्यावर डाफरले यात नवल काहीच नव्हतं. ते डाफरणं किती महागात पडू शकतं, हे मला शुक्रवारी सकाळी कळलं.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आयुष्यभर छापखान्यात यंत्रापाशी उभा राहिला आणि छातीचा आजार घेऊन निवृत्त झाला. वहिनी गेल्यापासून एकटाच राहतो. उशाशी श्वासाचं यंत्र, त्याला नळी, आणि यंत्राच्या कडेला एक लाल बटण. दम कोंडला की माणसाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून ते बटण. दाबलं की निरोप आमच्या ऑफिसात येतो, तळमजल्यावर बोर्डासमोर बसलेल्या बाईंना दिसतो आणि त्या दवाखान्याची गाडी पाठवतात. अशी सहाशे बारा घरं आमच्याकडे आहेत. घरापासून बोर्डापर्यंत निरोप आणणारा प्रोग्रॅम माझा. ओळ न् ओळ माझी, आणि त्याचा मला ताठाही होता.

सोमवारी मी त्याची नवी आवृत्ती चढवली. पूर्वीचा निरोप एवढासा असायचा: घराचा क्रमांक, वेळ, मदत हवी. डॉक्टरांना आणखी माहिती हवी होती, म्हणून आता बटण दाबलं की मागच्या तासाभराच्या श्वासाची नोंदही सोबत येऊ लागली. निरोप लांबला. पुरा हाती आल्याशिवाय तो बोर्डावर चढत नाही, हे पूर्वीही तसंच होतं.

मंगळवारी दादाचा फोन आला.

“मिरचे, तुझं यंत्र बहिरं झालंय बघ. सकाळी जरा धाप लागली म्हणून बटण दाबलं, तर दहा मिनिटं कुत्रं फिरकलं नाही. पुन्हा दाबलं तर लगेच बाईंचा फोन.”

“दादा, निरोप जायला लागतो कधीकधी वेळ. तुलाच धीर नाही.”

“दहा मिनिटं?”

“घड्याळ लावून बसला होतास का? हे बघ, एकदा दाबायचं आणि गप पडून राहायचं. दोनदा दाबायचं नाही. तू दोनदा दाबलंस की दोन गाड्या निघतात आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी मिळत नाही. कळलं?”

“कळलं बाई, कळलं,” तो म्हणाला आणि हसला. दादा माझ्यावर कधी चिडत नाही. त्याचंच मला जास्त लागतं.

शुक्रवारी सव्वादहाला बोर्डाच्या बाई स्वतः जिना चढून वर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कधी वर येत नाहीत. हातात त्यांची वही होती. पडद्यावर सगळं आपोआप नोंदलं जातं, तरी या बाई प्रत्येक निरोप कोणत्या मिनिटाला आला ते पेनानं लिहितात. त्यावरून मी त्यांना किती चिडवलं असेन त्याला गणती नाही.

“हे बघ,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “अठ्ठावन्न नंबरचं घर. दोन निरोप एकदम आले, दहा वाजून अकरा मिनिटांनी. एकावर वेळ आत्ताची आहे. दुसऱ्यावर नऊ एकतीस.”

“यंत्राचं घड्याळ चुकलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून मुलीला फोन केला. ती म्हणते, आईसाठी साडेनऊला दाबलं, कोणी आलंच नाही, शेवटी रडत रडत पुन्हा दाबलं.”

“आई कशी आहे?”

“बोलतेय. गाडी पोचेलच.” बाईंनी वहीचं पान मागे उलटलं. “आणि मंगळवारी हेच झालंय. चारशे एकतीस नंबर.”

चारशे एकतीस म्हणजे दादा.

कारण शोधावं लागलं नाही, ते समोर उभंच होतं. सहाशे जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम एकाच घराच्या दारात ताटकळत बसू शकत नाही. म्हणून तो झोपतो आणि सिस्टिमला सांगून ठेवतो, कुठल्याही दारात काही आलं तर मला उठव. इथवर ठीक. पण आमचे निरोप कुलूपबंद येतात, वाटेत कुणी वाचू नयेत म्हणून, आणि कुलूप उघडणारा एक वेगळा भाग मध्ये बसलेला असतो. तो अख्खं पाकीट आत घेतो, उघडतो आणि मी मागेन तेवढंच माझ्या हातात ठेवतो. मी एका वेळी चार हजार अक्षरं मागत होते. जुना निरोप त्यात मावायचा, नवा मावत नव्हता. उरलेला तुकडा आतच पडून राहायचा. सिस्टिम बघणार दाराकडे, आणि दार तर रिकामं. मग ती कशाला उठवेल? त्याच घरातून पुढचं काही आलं तरच प्रोग्रॅम जागा व्हायचा आणि मागचा निरोप पुरा व्हायचा. बाईंनी तो बोर्डावर उचलला की यंत्राकडून पोच यायची, आणि तिच्या धक्क्यानं दुसराही सुटायचा.

‘अजून काही आहे का’ असं आत विचारत राहायचं, ‘संपलं’ असं उत्तर येईपर्यंत. एवढंच करायचं असतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. चाचणी घेताना मात्र मी निरोप एकापाठोपाठ एक सोडले, प्रत्येकानं आधीच्याला पुढे ढकललं, आणि शेवटचा आलाच नाही हे मी पाहिलं नाही. चार दिवस गोष्ट झाकली गेली, कारण घाबरलेला माणूस बटण दोन-तीनदा दाबतोच.

ज्याला दोनदा दाबू नकोस असं बजावलेलं नाही, तो माणूस.

मी दादाला फोन लावला. वाजत राहिला. या वेळी तो खाली पेपर आणायला जातो, सावकाश, कठड्याला धरून. फोन घरीच विसरतो. मी स्वतःला हे सांगत होते आणि पुन्हा लावत होते.

तोवर साहेब केबिनमधून आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. साहेब कोडातले नाहीत, पण माणूस बावळट नाही.

“दुरुस्तीला किती वेळ?”

“दोन ओळी आहेत. पाच मिनिटं.”

“मग कर, आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू कर. लगेच.”

“बंद केला तर आत अडकलेले निरोप जातील. कायमचे. कुणी दाबलं होतं हेसुद्धा कळणार नाही.”

“अडकलेत का कोणी?”

“माहीत नाही. आत्ता असू शकतात.”

“आणि तू थांबलीस तर आणखी अडकतील. त्याचं काय?”

त्यांचं चुकत नव्हतं. तेच तर वाईट होतं. पण एक वाट होती. नवं यंत्र बसवताना आमचा माणूस बोर्डावरून त्याला खुशाली विचारतो, आणि यंत्र ‘चालू’ एवढंच उत्तर देतं. ते उत्तर दारात आलं की प्रोग्रॅम उठणार आणि आधीचं उरलेलं उचलणार. सगळ्या घरांना खुशाली विचारायची.

“सहाशे घरांना एकदम? कधी केलंय?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“बोर्डच कोसळला तर?”

“वीस-वीस घरं घेते.” माझा आवाज चढला होता. “साहेब, मला दहा मिनिटं द्या. नंतर काय ओरडायचं ते ओरडा.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. बाई गुडघे विसरून जिना उतरल्या, माझ्याशी फोन चालू ठेवून.

सुरुवात एक नंबरापासून करायला हवी होती. खोटं कशाला बोलू, मी पहिला नंबर टाकला तो चारशे एकतीस.

‘चालू’ असं उत्तर आलं. त्याच्या वर, त्याच क्षणी, एक लाल ओळ उमटली. चारशे एकतीस. मदत हवी. नऊ वाजून त्रेपन्न मिनिटं.

तेव्हा दहा सत्तावीस झाले होते.

“गाडी काढते,” फोनमधून बाई म्हणाल्या. तो माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मी उभी राहिले. पर्स उचलली. दादाचं घर रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. साहेब पडद्याकडे बघत होते. उरलेली सहाशे अकरा घरं तिथं होती, आणि खुशाली कशी विचारायची ते त्या मजल्यावर मला एकटीला येत होतं.

मी बसले. एक ते वीस. एकवीस ते चाळीस. दोनदा आकडे चुकले, दोनदा पुसले. दोनशे साठच्या पुढे लाल ओळ. दहा वाजून चौदा. “निघाली गाडी,” बाईंचा आवाज. पाचशे सात, लाल. बाईंनी फोन केला तर तिथल्या आजोबांनी चष्मा शोधताना चुकून दाबलं होतं. साहेबांच्या तोंडून हुश्श निघालं. शेवटचं घर झालं, मी त्या दोन ओळी लिहिल्या, प्रोग्रॅम बंद केला, चालू केला. एकदा निरोप सोडला, एकदाच, आणि तो आला. मग मला रडू फुटलं, साहेबांच्या समोरच.

बाईंनी फोनवर सांगितलं, “तुझ्या दादाला दवाखान्यात नेलंय. श्वास चालू आहे. तू जा आता.”

दुपारी मला आत सोडलं. दादाच्या तोंडावर मास्क होता, ओठ अजून निळसर होते. डॉक्टर म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं. मी कॉटजवळ स्टुलावर बसले आणि त्याचा हात धरला.

दादानं डोळे उघडले. मला पाहून त्यानं मास्क जरासा बाजूला केला. नर्स ओरडायच्या आत त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी लहान असताना माझं ऐकलं की तो जसा माझ्याकडे बघायचा, शाबासकीची वाट बघत, तसाच बघत होता.

“एकदाच दाबलं हं,” तो म्हणाला. “आणि गप पडून राहिलो.”