गिरणीवरून परत आलेली पेटी

"कोण बोललं, तेवढंच सांगा मला."

रांताला नावाचा कॅप्टन गाडीच्या खिडकीसमोर उभा होता. तोंडाला फासलेलं काळं घामानं मानेपर्यंत ओघळलं होतं, आणि बुटांतून दलदलीचं पाणी गळत होतं. तूलिक्कीनं सवयीनं त्याच्यापुढं कॉफीचा पेला सरकवला, तर त्यानं तो तसाच मागं ढकलला.

"कॉफी नको. मुंकीही नको. नाव पाहिजे."

मुंकी नको म्हणणारा माणूस पिर्कोनं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. वेलदोडा घातलेल्या मैद्याचे, तळून साखरेत घोळलेले ते गोळे म्हणजे या छावणीत जीव की प्राण. जंगलातल्या सरावाला निघालेला माणूस पाण्याची बाटली विसरेल, पण सैनिकगृहाची, म्हणजे छावणीतल्या उपाहारगृहाची, गाडी किती वाजता येते हे विसरणार नाही. गाडीवर हिरव्या झग्यातल्या तीन बायका असत. पगार नाही, भत्ता नाही. हौसेनं पहाटे उठून तळायचं आणि चिखलातून गाडी हाकत पोचवायचं. पिर्को आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली, म्हणून चाक तिच्याकडे. प्रमुख मार्केत्ता. आणि तूलिक्की गेल्या वर्षी नव्यानं आलेली, केस कापण्याचं दुकान चालवणारी. तिची कात्री थांबली तरी तोंड थांबत नसे.

या आठवड्यात राखीव दलाचा सराव होता. कुणी नळदुरुस्तीवाला, कुणी दंतवैद्य, कुणी शाळामास्तर. पत्र आलं की कामधंदा टाकून ही मंडळी गणवेश चढवत आणि जंगलात दोन बाजू करून एकमेकांशी झुंजत. निळी पट्टीवाले आणि पिवळी पट्टीवाले. गाडी मात्र दोघांकडे जाई. हिरव्या झग्याला बाजू नसते, त्यांना कुणी विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

"गिरणीपाशी मी रिकामे तंबू ठोकले होते," कॅप्टन म्हणाला. "तीस माणसं आणि नुसता धूर. बाकीची सगळी पलटण दलदलीत लपवली होती. पिवळ्यांना वाटावं की आम्ही गिरणीवर आहोत, त्यांनी दलदलीकडून वळसा घालून पुलावर यावं आणि आमच्या तावडीत सापडावं. पण पिवळ्यांचा तो एलियास नाक वर करून सरळ गिरणीतूनच घुसला आणि पूल घेऊन मोकळा झाला! तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर हसत म्हणतो, 'मुंकींनी सांगितलं.'"

मार्केत्तानं तूलिक्कीकडे पाहिलं. कॅप्टननंही पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय?" तूलिक्की लालबुंद झाली. "मी एक शब्द बोलले नाही!"

"एक शब्द? अगं, तू रस्त्यावरच्या पाटीशीसुद्धा बोलतेस," मार्केत्ता म्हणाली.

"बोलते. पण असलं नाही गं. हवामानाचं बोलले, त्या जाड्याच्या दाढीचं बोलले..." तूलिक्की मध्येच थांबली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "की बोलले मी? मार्केत्ता, माझ्या तोंडून निसटलं असेल का गं? माझं मलाच कळत नाही कधीकधी."

पिर्को मागं उभी राहून कॉफीच्या डब्याची तोटी घट्ट करत होती. तोटी केव्हाची बंदच होती.

तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. का पाहतील? पिर्को म्हणजे तोंडाला कुलूप. चाळीस वर्षं बस चालवली, पण तिकिटाशिवाय प्रवाशांशी बोलली नाही. नवरा वेइक्को थट्टेनं म्हणायचा, तुला पळवून नेलं तर पळवणाऱ्यालाच कंटाळा येईल. वेइक्को जाऊन सात वर्षं झाली. त्यानंतर घरात बोलायला कुणी नव्हतं आणि तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं, कारण आठवड्यातून दोनदा ही गाडी होती. खिडकी उघडली की रांग, गार पडलेले लाल हात आणि "मावशी, एक द्या". एवढ्यावर तिचं भागत होतं.

आणि आज सकाळी त्या एलियासनं विचारलं, "मावशी, ओळखलंत का?"

तिनं ओळखलं नव्हतं. चाळिशीचा, चष्मा लावणारा, पिवळी पट्टी.

"बावीस वर्षांपूर्वी, भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्या काउंटरवर डोकं ठेवून रडलो होतो मी. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसता दुसरा मुंकी पुढं सरकवलात. अजून आठवतं मला."

अशी कितीतरी पोरं रडली होती. तिला यातलं काही आठवत नव्हतं. पण कुणाला तरी ती आठवत होती! तो आनंद लपवायला ती भराभर बोलू लागली.

"घे रे, दोन घे."

"नको मावशी, माझ्या माणसांना कमी पडतील."

"कमी कसले पडतात! गिरणीवरून आख्खी पेटी परत आलीय. तिथं खाणारे आहेतच कितीसे?"

त्याचं चावणं क्षणभर थांबलं होतं. मग त्यानं बोटांवरची साखर चाटली, "जीव जगवलात मावशी" म्हणाला आणि निघून गेला. तिला काय ठाऊक! आणि ठाऊक नसायला काय झालं होतं? एकतीस वर्षं काढली होती तिनं इथं.

"ठीक आहे," कॅप्टन तूलिक्कीला म्हणत होता. "उद्यापासून तुम्ही..."

"मी," पिर्को म्हणाली.

तिला काही हवंय असं वाटून मार्केत्ता मागं वळली. "काय गं? पाणी संपलं?"

"मी बोलले. ती नाही."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. तिला वाचवायला तू कशाला अंगावर घेतेस?"

कॅप्टनसुद्धा मान हलवून किंचित हसला. पिर्कोला रडू फुटायच्या बेतात आलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, तर कुणी खरं मानायला तयार नाही. तूलिक्की मात्र तिच्याकडे एकटक पाहत होती.

"पेटी परत आली, असं मी म्हणाले," पिर्को सावकाश म्हणाली. "गिरणीवर खाणारे आहेतच कितीसे, असंही म्हणाले. त्याच्या हातात मुंकी होता. तो गोड बोलला आणि मी विरघळले. अजून काय सांगू?"

आता कुणी हसलं नाही.

"मावशी," कॅप्टन म्हणाला, "माझी माणसं दोन दिवस त्या पाण्यात पालथी पडून होती. एकाच्या घरी आठ दिवसांचं बाळ आहे. हा सराव होता म्हणून ठीक. पण सरहद्द इथून..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. सरहद्द इथून किती लांब आहे, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"गाडीवर तुम्ही नको," तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच म्हणाला.

"बरोबर आहे," पिर्को म्हणाली.

लाल लोकरीचा गोंडा बांधलेली किल्ली तिनं खिशातून काढली. मार्केत्ताला मोठी गाडी चालवता येत नव्हती. तूलिक्कीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"मला नको. तुझी आहे ती."

"घे म्हणते ना. दुसरा गिअर जरा हट्टी आहे. दाबून धर, नाहीतर कण्हतो."

तूलिक्की रडत होती आणि बोलत मुळीच नव्हती.

पुढचे तीन दिवस पिर्कोनं सैनिकगृहाच्या भटारखान्यात काढले. तळण तिचंच होतं. पेट्या भरून झाल्या की प्रत्येकीवर ती पांढरं फडकं घट्ट बांधी. मार्केत्ता एकदा म्हणाली, "अगं, माशा तर नाहीत." पिर्कोनं फडक्याला आणखी एक गाठ मारली.

शेवटच्या दिवशी सामान परत करून दोन्ही पट्ट्यांचे लोक काउंटरवर एकाच रांगेत आले. एलियासचा नंबर आला तेव्हा त्यानं टोपी काढली. त्याला विचारायचं म्हणून तीन रात्री जे तिच्या जिभेवर होतं, ते आता काही केल्या बाहेर येईना.

"ते रडण्याचं खरं होतं, मावशी," तोच हळू आवाजात म्हणाला. "थाप नव्हती. म्हणून तर जास्त लाज वाटते."

पिर्कोनं त्याच्यापुढं एक मुंकी ठेवला. मग थोडं थांबून दुसरा सरकवला.

"चल, पुढं हो. मागं रांग आहे."

रांगेच्या शेवटी कॅप्टन रांताला होता. दाढी केलेला, कोरड्या बुटांतला. त्यानं ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, किती उरलेत?"

पेल्यातली साखर ढवळायचीसुद्धा कुणाला हिंमत होईना.

पिर्कोनं फडकं उचललं आणि ताट कडेपर्यंत झाकून टाकलं.

"तुमच्यापुरता आहे, कॅप्टन."

कॅप्टननं मान खाली घातली. हसू आवरत होता की काय, कोण जाणे. मग त्यानं नीट, सावकाश हात पुढं केला आणि पिर्कोनं फडक्याखालून काढून एक मुंकी त्या हातावर ठेवला.

बाहेर गाडी निघाली होती. तलावापलीकडं तंबू आवरणाऱ्यांसाठी शेवटची फेरी. फाटकाच्या चढाला दुसरा गिअर कण्हला, एकदा, मग पुन्हा.

"दाबून धर गं," पिर्को पुटपुटली आणि कॅप्टनच्या पेल्यात कॉफी ओतू लागली.