गोड आमटी आणि रिकीब

विमलाबाईंच्या कानातलं तांदळाच्या दाण्याहून लहान, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं एक हाड गंजल्या बिजागरीसारखं अडून बसलं होतं. कानाच्या पडद्याची थरथर हातोडा घेतो, ऐरणीला देतो, ऐरण रिकिबीला. रिकीब हलली नाही की निरोप तिथंच थांबतो. घरात हे सगळ्यांना पाठ होतं, कारण बाईंचे यजमान बाळकृष्णपंत आवडी गावच्या कारखान्यात फिटर होते. "यंत्र उत्तम आहे, शेवटचा सांधा तेवढा जाम झालाय," असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत. ऑपरेशनचं नाव काढलं की बाई म्हणत, "हे आहेत ना सांगायला."

उन्हाळ्यात ते गेले. मग कीर्तीनं आईला नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिकीब काढून इवलासा दट्ट्या बसवला. "मोठे आवाज मवाळ करणारा एक स्नायू या हाडाला धरून असतो," ते म्हणाले. "तो कापावा लागला. सुरुवातीला सगळं जरा टोचेल."

कीर्तीच्या डोळ्यांसमोर शुक्रवार उभा राहिला.

दर शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या तुळसीअम्मा आमटी घ्यायला येत. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची, आणि जीभ सडेतोड. चव घेऊन म्हणत, "इतका गूळ? हे आमटी नव्हे, पायसम. गोड खीर." पंत बायकोच्या कानाशी वाकून ओरडत, "छान झालीय म्हणतात. अजून एक वाटी." बाई खुलत, वाटी काठोकाठ भरत. पंतांमागे अम्मांचं येणं चुकलं नव्हतं. त्या एका दिवशी आई मनापासून स्वयंपाक करी. एरवी भात लावला तरी पुष्कळ. तेवढा शुक्रवार हातचा जाऊ नये, म्हणून कीर्ती आदल्या दिवशी खाली गेली.

"अम्मा, आईला आता ऐकू येतं. उद्या जरा सांभाळून बोला."

"मी काय वाईट बोलते? जे आहे ते बोलते."

"तेच म्हणते मी."

शुक्रवारी सकाळपासून आईनं कीर्तीला चमचा आपटल्याबद्दल तीनदा झापलं होतं, तेही आतल्या खोलीतून. अम्मा आल्या. पहिला घोट गिळला. दुसराही गिळला. कीर्ती डोळ्यांनी विनवत होती. पण जिभेला जन्माची सवय.

"विमलाबाई, कान बरं झालं, आनंद. पण हे पायसमच."

आईच्या हातातली पळी थांबली. तिनं खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग अगदी भाबडा चेहरा करून ती लेकीकडे वळली.

"काय म्हणाल्या गं?"

कीर्ती उठली. आईच्या कानाशी वाकली. आवाज बापासारखा निघाला नाही, पण मोठा निघाला.

"छान झालीय म्हणतात. अजून एक वाटी."

"मग ओरडतेस कशाला," आई म्हणाली, आणि तिनं पळी आमटीत बुडवली.

तुळसीअम्मांनी वाटी पुढे केली.